आंब्यांच्या वाटणीतून माझी माघार

हट्टा, रविवार

प्रिय संध्या,

सप्रेम जयभीम. तुझे गुडघे आणि नागपूरचं ऊन, दोन्ही सोसवत असतील अशी आशा करते. आज ओसरीतल्या आढीचा वास आला आणि तू आठवलीस, फ्रॉकमधली, नाक ओढणारी. बाबा आंब्यांचे ढीग मांडायचे, मी गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, तू ढिगावर बोट ठेवून ओरडायचीस, "ह्यो कुणाचा?" आणि मी न बघता नाव घ्यायची. तुला नेमके किडके यायचे आणि तू माझ्याशी कट्टी धरायचीस.

पाठ फिरवण्याचं ते काम अजून माझ्याकडेच आहे. (होतं.) दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचं आंब्याचं झाड आपल्या दोन्ही भावांचं. दिवाळीत रवींद्रच्या ट्रॅक्टरचं चाक रत्नपालच्या हळदीच्या पिकात गेलं, तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद आहे. आता या वाटणीपुरतेच ते एका ओसरीत उभे राहिले असते, आणि तेही मीच मोडून बसले बघ.

झालं असं, की मी निवृत्तीनंतर रत्नपालकडे राहते, त्याची भाकरी खाते. मग मी निःपक्षपाती कशी? म्हणून दोघांना बसवून जाहीर केलं की मी रिक्यूज होते. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर ल्युसींनी हा शब्द शिकवला होता (पांढऱ्या झग्याला खडू पुसत). मूळ लॅटिन, रेकुसारे, म्हणजे नाकारणे, हरकत घेणे. आधी पक्षकारच म्हणायचा, हा न्यायाधीश आम्हाला नको. न्यायाधीशाने आपण होऊन उठायचं, ही रीत पुढची. मी हे सगळं सांगितलं. रवींद्र ऐकून म्हणाला, "आक्का, आमी नको म्हनलो का तुला? मंग काहून उठून राहिली?" सिस्टर असत्या तर त्यालाच पैकीच्या पैकी देत्या.

पंचफुलेने, आपल्या रत्नपालच्या बायकोने, पुढचं ऐकवलं. "तुमचा जीव आमच्याकडं हाय हे गावाला म्हाईत हाय, आक्का. पन पाठीला डोळे हायेत व्हय तुमच्या?" मी तरी हटले नाही. (तत्त्व होतं ना!) मग शेजारच्या हिरासिंगला बोलावलं, तर तो म्हणे मी रवींद्रच्या ट्रॅक्टरवर बसतो, मी रिक्यूज. पलीकडची चतुराबाई म्हणाली, रत्नपालकडचं लोणचं खाते, मीबी रिक्यूज. शब्द गावाला एवढा आवडलाय की काल भांडी घासायच्या वेळी पंचफुलाही रिक्यूज झाली. इकडे आढीतले आंबे खालून नासून राहिलेत, आणि भाऊ आपापल्या घरी.

तेव्हा तू ये. तुझ्याइतकं निःपक्षपाती कुणी नाही, तू दोघांवरही सारखीच चिडलेली आहेस.

तुझी,
करुणा आक्का

ता. क. : फोनवर बोलले नाही, कारण पंचफुला ऐकते. माघार मी मागे घेतली आहे. पाठ मीच फिरवणार, तू फक्त बोट ठेव.

आणखी एक : पाडाचे आंबे रत्नपालच्या गरोदर लेकीला वाटणीआधीच काढून ठेव, त्यात कसला पक्षपात. नासके मला. चांगल्यातली एक ओंजळ हिरासिंगला. आणि नीट वाच : रवींद्रचा वाटा रत्नपालच्या पाटीत भर, रत्नपालचा रवींद्रच्या पाटीत. विचारलं तर म्हण, नागपूरवालीला पाट्या ओळखू येत नाहीत. पाटी परत द्यायला दारी जावंच लागतं, आणि आपल्याकडे रिकामी पाटी कुणी परत देत नाही.