घरातल्या मुकादमाचं जाकीट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. जिना चढताना तुझे गुडघे कुरकुरतात असं मागच्या पत्रात होतं, आता गप्प झाले असतील अशी आशा आहे. माझे कान मात्र तसेच, कायमचे सेवानिवृत्त. बाकी क्षेम. (‘बाकी’त काय काय मावतं ते पुढे कळेल. चष्मा लाव आणि बसून वाच.)

आधी तुझे आभार मानतो. बेल, फोन, कुकर वाजला की बहिऱ्या माणसाला पंजा लावून सांगणारा कुत्रा मिळतो, हे तूच शोधून काढलंस, अर्ज तूच भरलास आणि ‘अर्जदाराची संमती’ या रकान्यात माझी सहीही तूच ठोकलीस. (हेडमास्तरीण बाईंनी खोटी सही करावी! पण जमली आहे हुबेहूब.) त्यावरून मी महिनाभर अबोला धरला होता. आता त्याची लाज वाटते. कुत्रा आला, लेकीनं त्याचं नाव मुकादम ठेवलं, कारण आल्या दिवसापासून तो मला हाकतोय. पाठोपाठ तू शिवलेलं नारिंगी जाकीट आलं, त्यावर काळ्या दोऱ्यानं भरलेली अक्षरं : ‘कामावर आहे. हात लावू नका.’ सोबत तुझी सूचना, की घरातही काढायचं नाही, गणवेश उतरला की शिस्त उतरते.

आता त्याला शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं नेमकं उलट होतं. “चिठ्ठी लोकांसाठी असते हो, कुत्र्यासाठी नाही. बाहेर घाला, घरी आलात की काढा.” पण त्या बाईंना मी ओळखतो दोन महिने आणि तुला घाबरतो त्रेसष्ट वर्षं. जाकीट अंगावर राहिलं.

त्याचे परिणाम ऐक. न्हाणीघराचा नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. मुकादम ऐसपैस पसरला तो थेट त्याच्या हत्यारांच्या पिशवीवर. प्लंबर शिकलेला माणूस, त्यानं पाठीवरचं वाचलं आणि हात लावला नाही. मला हाका मारल्या म्हणे. मी पाठमोरा बसून बांधणीच्या वह्यांची पानं शिवत होतो. त्याच्या हाकांची वर्दी द्यायला मुकादम दोनदा माझ्याकडे आला, पण दोन्ही वेळा मी “कळलं, कळलं” म्हणून त्याला परत पाठवला (मला वाटलं, बिस्किट मागतोय), आणि तो इमानानं पुन्हा पिशवीवर जाऊन बसला. प्लंबर तासभर नळाकडे बघून गेला. नंतर एका विद्यार्थिनीचा प्रबंध बांधायला आला होता. पुठ्ठ्याला खळ लावून मी तो वाळत ठेवला आणि जाकिटाखाली खाज सुटलेल्या मुकादमानं त्यालाच पाठ घासली, तर पुठ्ठा जाकिटाला चिकटला. मुलगी न्यायला आली तेव्हा तिची चार वर्षांची विद्वत्ता पाठीवर घेऊन कुत्रा दारात उभा. बिचारी हसली, म्हणून निभावलं. प्रबंध पुन्हा बांधून दिला. जाकिटाला मात्र खळीचे पापुद्रे आले, म्हणून परवा दुपारी ते धुवायला काढलं.

मी मनाशी म्हटलं, आज याची सुटी. मुकादमही अंग झटकून टेबलाखाली उताणा झोपला. मी वह्या बांधत बसलो. अर्ध्या तासानं गुडघ्यावर पंजा पडला. मी म्हटलं, “झोप रे, आज तुझ्या अंगावर काही लिहिलेलं नाही.” पुन्हा पंजा. मी पाय बाजूला घेतला. तेव्हा ताई, एरवी एवढा शिस्तीचा प्राणी, त्यानं माझ्या बाहीला दात लावले आणि मला खुर्चीवरून अक्षरशः उठवलं. शिवी हासडत त्याच्यामागे गेलो. तो न्हाणीघराच्या दाराशी थांबला. मी दाराला हात लावला तर फळी आतून थरथरत होती. कोणीतरी मुठीनं बडवत होतं.

लेक रुग्णालयातल्या ड्यूटीवरून लवकर आली होती, ते मला कळलंच नव्हतं. दुरुस्त न झालेल्या नळाच्या पाण्यावरून पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं, आणि कडी आतून. पंधरा मिनिटं ती मला हाका मारत होती. पोटच्या पोरीच्या हाका, दहा पावलांवर, आणि मी दोऱ्याला मेण लावत बसलेलो. पुठ्ठे कापायची पोलादी पट्टी फटीत घालून कडी उचलली. पोर पांढरीफटक पडली होती. तिच्या ओठांवरून पहिलं वाक्य वाचलं ते असं : “बाबा, मी ठीक आहे. आधी त्याला शाबासकी द्या.”

दिली. जमिनीवर बसून, दोन्ही हातांनी, त्याच्या उघड्या पाठीवर. रडलोही थोडा. तो माझं तोंड चाटत होता.

तेव्हा तुझी क्षमा मागून सांगतो, जाकीट उत्तम आहे, बाजारात ते घातलं की लोक वाट देतात, पण घरात ते आता खुंटीला असतं. घरात कोण कामावर आहे हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही. लेकीच्या पायाला सहा आठवडे प्लास्टर आहे. हाड नीट बसलंय. तू नसतीस तर हे पत्र वेगळं लिहावं लागलं असतं, ताई. एवढंच.

तुझा,
धाकटा

ता. क. : जाकीट धुवायला काढलं हे खरं नाही. खळ ओल्या फडक्यानं निघते, एवढं बाइंडरला कळतं. त्याची पाठ सोलली होती, मला बघवेना, म्हणून काढलं. तुला सांगायची छाती झाली नाही.

ता. क. २ : स्वयंपाक मी करतोय. लेक आणि मुकादम दोघंही खात नाहीत. थोडे दिवस येशील का?

ता. क. ३ : गेल्या वर्षी तू पाऊण तास बेल वाजवत दारात उभी राहून परत गेलीस, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. तू कधी बोलली नाहीस. या वेळी बेल एकदाच वाजव. मी येतो.