चौदा गिऱ्हाइकं, सात सॉफ्टवेअर आणि गेटवरचा कॅमेरा

३ मार्च
आजपासून धंदा शिस्तीत. कॅमेरे काय, कोणीही बसवतो. बसवलेले चालू आहेत की नाहीत हे घरबसल्या कळणं, ही खरी सर्व्हिस. आत्तापर्यंत गिऱ्हाइकाचा फोन आला की मला कळायचं. शोभत नाही. रिमोट मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. कुठेही कॅमेरा बंद पडला की लगेच माझ्या मोबाइलवर सूचना. चौदा गिऱ्हाइकं, एकशे सहा कॅमेरे आणि मी खुर्चीत.
बायको म्हणाली, आठवड्यातून एक चक्कर मारली तरी कळेल की. तिला टेक्नॉलॉजीचं अंगच नाही.

५ मार्च
सात सॉफ्टवेअर निवडली. तुलनेसाठी तक्ता केला. बावीस रकाने. रकान्यांचे रंग ठरवण्यात दुपार गेली, पण पाया पक्का हवा.
छापखान्याचा मालक फोनवर ओरडला. त्याचा कॅमेरा तीन दिवस बंद आहे. म्हटलं, तुमचाच विचार चालू आहे. खोटं नव्हतं.

९ मार्च
तीन बाद. त्यातल्या एकाचा लोगो फारच पोरकट. चौथं मनात भरलं. चालू कॅमेऱ्याला हिरवा ठिपका, बंद पडला की लाल. ट्रायल सुरू.

१० मार्च
वृद्धाश्रमात डेमो दिला. आश्रम ताई चालवतात. गेटवरचा कॅमेरा मुख्यतः मास्तरांसाठी. मास्तर निवृत्त शिक्षक, आठवण गेलेली. गेट दिसलं की शाळेत जायला निघतात. रात्री दहा ते सकाळी सात गेटपाशी कोणी आलं तर ताईंचा मोबाइल वाजतो. कल्पना माझीच.
लॅपटॉपची बॅटरी ऐन वेळी संपली. कपाटामागच्या बोर्डात जागा नव्हती, म्हणून कसला तरी प्लग काढून आपला लावला. मधेच एक ठिपका लाल झाला. ताईंनी विचारलं, हे काय? म्हटलं, बघा, किती बारकाईने लक्ष ठेवतंय! ताई खूश. मी तर फारच.

११ मार्च
दुपारपर्यंत ३१२ सूचना. कुठे नेट जरा हललं की टिंग. दाढी करताना टिंग, जेवताना टिंग. म्यूट केलं. जमा तर होतातच, निवांत एकदम बघता येतील. तक्त्यात 'आवाज' हा रकाना नव्हता. तेविसावा घातला.

१६ मार्च, सकाळी ७
ताईंचा फोन. मास्तर नाहीत. पावणेसातला चहा घेऊन गेल्या तर खाट रिकामी. मोबाइल वाजलाच नाही. म्हणाल्या, किती वाजता गेले, कोणत्या बाजूला वळले, तेवढं लवकर बघून सांगा.
सॉफ्टवेअर उघडलं. गेटचा ठिपका लाल. सहा दिवसांपासून.
येतो म्हटलं.

१६ मार्च, संध्याकाळ
कपाटामागे वाकलो. प्लग जमिनीवर पडलेला. मीच काढलेला. मागे ताई उभ्या. काय झालं होतं, म्हणाल्या. तोंडातून निघालं, उंदीर. वायरी ओढतात हो. इतक्या ठामपणे सांगितलं की क्षणभर मलाच शेपूट दिसली.
मास्तर दुपारी तीनला सापडले. चार किलोमीटरवर, कुलूप लावलेल्या एका शाळेच्या पायरीवर. पोस्टमनने ओळखलं. पायात चप्पल नाही, तळवे सोललेले. तोवर मी स्कूटरवरून बरोबर उलट्या बाजूला शोधत होतो.

१७ मार्च
शांतपणे विचार केला. दोष एका माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो. शिवाय ट्रायल व्हर्जन होतं.
हे लिहिलं खरं. वाचवत नाही.

१८ मार्च
मास्तरांना बघायला गेलो. दोन्ही पाय बँडेजमध्ये. मला पाहून हसले आणि बसायला सांगितलं.
अंगणात धान्याची पोती. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी कोठी रिकामी केली होती. साठी उलटलेली बाई, गुडघे धरलेले, खाली बसून भिंतीतली भोकं सिमेंटने बुजवत होती. म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, वायरीपर्यंत आले म्हणजे फारच माजलेत. मला चहा दिला. तो मी प्यायलो.

१९ मार्च
ताईंना फोन करून खरं सांगायचं ठरवलं. लागला नाही, असं बायकोला सांगितलं. लावलाच नव्हता. ती म्हणाली, मग जाऊन या. तिला कळलंय.

२० मार्च
गेलो. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. प्लग मी काढला, सूचना मी बंद केल्या, उंदीर मी रचला. सहा दिवस लाल होतं, मी बघितलं नाही.
ताई म्हणाल्या, मावशींनाही तुम्हीच सांगा.
मावशींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, तरीच. सगळी कोठी उपसली, एक लेंडी सापडली नाही. पण म्हटलं, एवढा शिकलेला माणूस सांगतोय.
पोती मी आत ठेवली. अकरा होती. कोणी हात लावला नाही, मीही बोलावलं नाही.
निघताना ताईंनी विचारलं, दुसरा कोणी खात्रीचा माहीत आहे का? रागाने नाही. खरंच विचारत होत्या. मी एकाचं नाव सांगितलं. त्याच्याकडे सॉफ्टवेअर नाही. दर सोमवारी सायकलवरून येतो, शिडी लावतो, एकेक कॅमेरा बघतो. आम्ही लोक त्याला हसतो. त्याचा नंबर कागदावर लिहून दिला. ताई थँक्यू म्हणाल्या.
बाहेर पडून गेटची कडी लावली. चार पावलं गेलो, परत आलो आणि लागली आहे का ते हाताने ओढून बघितलं.