बांध फोडण्याचा तोंडी आदेश लेखी मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
जिल्हा पूरनियंत्रण कार्यालय,
तिर्गू साल्चीए

अर्जदार: तोआदेर ग्रोझाव, पोकलेनचालक, मु. लुंकेश्ती
(सध्याचा पत्ता: बांधावर, पोकलेनच्या केबिनमध्ये)

विषय: लुंकेश्तीचा बांध माझ्या हातून, परंतु आपल्या कार्यालयाच्या सांगण्यावरून फुटला, असे लेखी मिळणेबाबत.

संदर्भ: १) "बांध पाण्याच्या दाबाने आपोआप फुटला" असे कळवणारे आपले पत्र. २) पोकलेन तात्काळ जमा करण्याची नोटीस.

महोदय,

१. जुलैमध्ये डोंगरात पाऊस खळेना आणि सिरेत नदी बांधाच्या माथ्याला टेकली, तेव्हा मी यंत्रासह बांधावर हजर होतो. दुपारी उपअभियंता श्री. वोइकू यांचा फोन आला. "तोआदेर, शहरात दवाखान्यात पाणी शिरतंय. पॉपलरच्या झाडांच्या रांगेपाशी बांध फोड." मी म्हणालो, "साहेब, खाली आमचं गाव आहे." ते म्हणाले, "गाव रिकामं केलंय. कागद मागाहून पाठवतो. फोड."

२. गाव रिकामे केलेले नव्हते. पाद्रीबाबांनी घंटा बडवली आणि माणसे चर्चच्या टेकडीवर धावली, म्हणून वाचली. गुरे दावणीलाच राहिली. माझे सासरे कोस्ताके यांचे घर कच्च्या विटांचे होते. ते पडले नाही, विरघळले. आता तिथे फक्त चूल आहे. टेकडीवरून बांध स्वच्छ दिसतो आणि माझे यंत्र पिवळे आहे, त्यामुळे कोणी फोडला हे कोणाला विचारावे लागले नाही. शहर वाचले, हेही खरे आहे.

३. कागद आला नाही. श्री. वोइकू यांची बदली झाली. फोनवर ते म्हणतात, "मी फक्त शक्यता बोललो होतो." त्यानंतर आपले संदर्भीय पत्र आले. बुडता माणूस काहीही धरतो, तसे मी ते शाळेच्या सभागृहात नेऊन वाचून दाखवले. सारे गाव सध्या तिथेच राहते. आमच्या शेजारीण झाम्फिराबाई म्हणाल्या, "आपोआप फुटला? मग तुझं मशीन तिथं चरायला आलं होतं का?" सगळे हसले. पुरानंतर गाव पहिल्यांदाच हसत होते, म्हणून मी मध्येच निघून गेलो नाही.

४. सभागृहात माझीही खाट होती. मला कोणी जा म्हटले नाही. मात्र मी आत गेलो की बोलणे थांबते आणि आया मुलांना जवळ ओढतात. सासरे माझ्याकडे पाहत नाहीत. माझ्या हातांकडे पाहतात. म्हणून मी केबिनमध्ये राहतो. यंत्र जमा करण्यास माझी हरकत नाही. जमा केल्यावर मी कुठे जावे, हे नोटिशीत नमूद नाही.

५. तरी आदेश दिल्याचे एका ओळीत लेखी द्यावे. ते नियमात बसत नसल्यास श्री. वोइकू यांना एका रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात पाठवावे. त्यांनी बोलण्याची गरज नाही, माझ्या शेजारी उभे राहावे. तेही शक्य नसल्यास मी स्वतःच्या मर्जीने बांध फोडला असे धरून माझ्यावर खटला भरावा. न्यायालयात निदान मला कोणीतरी विचारेल की, त्या दिवशी काय झाले.

६. परवा माझी पत्नी इलिंका बांधावर आली. मक्याच्या पिठाची मामालिगा आणि चीज घेऊन आली होती. ताटली तिने यंत्राच्या साखळीपट्ट्यावर ठेवली, केबिनमध्ये चढली नाही. मी पुन्हा फोनचे सांगू लागलो, तेव्हा म्हणाली, "फोन आला होता, ते मला माहीत आहे. मी तुला खोटं म्हणत नाही. पण हात तुझे होते ना, तोआदेर." मी खाईपर्यंत ती नदीकडे बघत उभी होती. मग रिकामी ताटली घेऊन बांध उतरून गेली.

यावर काय उत्तर द्यावे, ते मला सुचलेले नाही. आपल्या कार्यालयाकडे असल्यास कळवावे. पत्र बांधावरच पाठवावे, पोस्टमन इथवर येतो.

आपला आज्ञाधारक राहिलेला,
तोआदेर ग्रोझाव
दि. १९ ऑगस्ट

सोबत:
१. आपल्या पत्राची प्रत
२. साक्षीदारांच्या सह्यांचा कागद (कोरा)