माझे पॉज आणि आमचा सीझन

१ जून, सकाळी ७
नवा सीझन ठरला. दोन नाटकं, दोन म्युझिकल. चारही ठिकाणी नायक मी. निवड अगदी निःपक्षपातीपणे झाली. समितीत मी एकटाच होतो. सुरुवात न्यायाधीशाच्या नाटकाने. हॉलचे मॅनेजर म्हणाले, पहिला प्रयोग रंगला तरच पुढच्या तीन तारखा. म्हणजे तारखा मिळाल्यातच जमा.
संकल्प: रोज पहाटे पाच पानं पाठ.

२ जून, सकाळी १०
जाग आली तेव्हा पहाट उलटून गेली होती. उद्यापासून दहा पानं.

९ जून
पियानोवाल्या मास्तरांनी माझं गाणं शांतपणे ऐकलं. म्हणाले, म्युझिकलमधली गाणी आपण नुसती बोलून टाकूया का? माणूस काळाच्या पुढे आहे.

१५ जून
पाठांतर: पहिलं पान, जवळजवळ. पण मी काही घोकंपट्टी करणारा नट नाही. लोक माझे पॉज बघायला येतात. गेल्या वर्षी एक पॉज तब्बल पाऊण मिनिट चालला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी रुमाल काढला. बायको तेवीस वर्षं विंगेत बसून वाक्यं सांगते. तिला नेमक्या तेव्हाच शिंकांवर शिंका येत होत्या. योगायोग.

२० जून, दुपारी
न्यायाधीशाच्या बायकोचं काम करणारी नटी सोडून गेली. म्हणे, माझ्या पॉजमध्ये उभं राहून पाय भरून येतात. मी हार मानणारा नव्हे. माझ्या बायकोलाच उभं करायचं ठरवलं, तिला अख्खं नाटक पाठ आहे. तिने विचारलं, मग विंगेत कोण? मी म्हटलं, विंगेत लागतंय कोण? तिने नाटकाचं पुस्तक मिटून माझ्या हातात ठेवलं. भारावली असावी.

२८ जून, संध्याकाळी ५
प्रयोगाला दोन तास. पाठांतर: अडीच पानं. आरशात चेहऱ्यावर तेज दिसलं. लाइटवाला म्हणाला, घाम आहे.

२९ जून
काल प्रयोगात तिसऱ्या पानावर पॉज घेतला. पॉज लांबला. सवयीने विंगेकडे कान लावला. तिथे चिटपाखरू नाही. घाबरलो, खोटं कशाला लिहू. तेवढ्यात बायको चहा ओतता ओतता म्हणाली, "तुम्ही आता म्हणणार, आरोपी निर्दोष आहे. आणि मी विचारणार, मग तुम्हाला झोप का लागत नाही?"
तिथून शेवटपर्यंत माझी वाक्यंही तीच बोलली. मी मान डोलावली. मान मात्र फार प्रभावीपणे डोलावली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी दोनदा वाकलो, मग लक्षात आलं की सगळे तिच्याकडे बघतायत.

३० जून
तिन्ही तारखा मिळाल्या. अट एकच: प्रमुख काम हिचं. मास्तर म्हणाले, आता गाणी गाऊनच करू. मी विंगेत, तात्पुरता. विंगेतला माणूस हा नाटकाचा कणा असतो, हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय. तिच्यासमोर म्हणायचं राहून गेलं असेल.

३ ऑगस्ट
काल दुपारी पहिलं म्युझिकल. हातात पुस्तक, पानावर बोट. पहिल्याच अंकात ही अडली. एक सेकंद. दोन. चार. माझा जीव खालीवर. मग राहवेना; अख्खं वाक्य खणखणीत आवाजात सांगितलं. हॉल खो खो हसला.
घरी येऊन तिने चपला काढल्या आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तो पॉज होता."
तेवीस वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिला.