शिंगणापूरची सवय

आई, तू गेलीस त्याला वीस वर्षं होतील आता, आणि मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर राग धरू नये. लोकांचं काय जातं म्हणायला.

तुझं माहेर शिंगणापूर. तिथल्या घरांना दारंच नाहीत, चोराला शनिदेव बघून घेतो, या भरवशावर तू वाढलीस. लग्न होऊन आमच्या गावात आलीस. इथे घराला दार होतं, दाराला कडी होती, कुलूपही होतं. पण तुझा हात काही त्या कुलपाकडे जायचा नाही. शेतावर निघताना दार नुसतं लोटून घ्यायचीस. दादा चिडायचे. "शनिदेव तुझ्या म्हायेरात ऱ्हातो, हितं न्हाई. एक डाव कुनी घर धुवून नेलं ना, तर तुला थेट म्हायेरी धाडीन, परत आननार न्हाई." तू हसायचीस. मलाही तेव्हा ती गंमतच वाटायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तू आणि दादा रोज रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचात, मी आणि धाकटा भाऊ शाळेत. मी सातवीत होते. खायला रेशनचा लाल मिलो, आणि कोपऱ्यात बियाण्याच्या बाजरीचं एकच पोतं, पेरणीसाठी जपलेलं. पोटात खड्डा पडला तरी त्याला हात लावायचा नाही, असं दादांनी बजावलं होतं. त्या दिवशी दादा पुढे गेले, परीक्षा जवळ आलेली म्हणून मीही भावाला घेऊन लवकर निघाले. मागे तू एकटीच. संध्याकाळी येऊन बघतो तर दार सताड उघडं, कुलूप खुंटीला, आणि पोतं गायब.

दादा विचारतात, "मागं कोन हुतं?" मी तुझ्याकडे बघते. तू चुलीत फुंकर घालतेस, मान वर करत नाहीस आणि म्हणतेस, "पोरगी हुती. साळंच्या घाईत तशीच पळाली जनू." मी तोंड उघडलं, तोवर दादा माझ्याकडे वळले होते. दादांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "उद्यापास्नं साळा बंद. घर राखीत बस." काय राखायचं होतं त्या घरात? चोराने न्यावं असं काहीच उरलं नव्हतं. तरी मी दारात बसून राहिले. कामावर मिळणारी तुझ्या वाट्याची सुकडी तू पदरात बांधून आणायचीस आणि गुपचूप माझ्या हातावर ठेवायचीस. मी खायची. भूक लागलेली असायची, आई. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण माझ्या शाळेचं नाव कुणी काढलं नाही. त्याऐवजी स्थळं बघायला लागले. खूप वर्षांनी, तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा, मी एकदाच विचारलं, तसं का सांगितलंस. तू म्हणालीस, "मला हाकललं आसतं तुझ्या दादानं. तुला कुटं हाकलनार हुता? मी गेल्यावर तुमा दोघांच्या तोंडात घास कुनी घातला आसता?" खरं असेलही. पण दादांचा राग निवल्यावर, दुष्काळ सरल्यावर, कधीतरी खरं सांगता आलं असतं. तेवढं धाडस तुला जन्मभर झालं नाही.

तुझ्या दहाव्याला प्रवरासंगमावर सगळे जमले. पिंड मांडले. कावळे झाडावर बसून होते, एकही खाली येईना. भाऊ हात जोडून म्हणाला, "पोरांचं समदं नीट करीन." कावळा हलला नाही. "ताईला अंतर देनार न्हाई." तरी नाही. ऊन चढलं, तसा मामा माझ्याकडे वळला. "तू लेक हायेस तिची. कशात गुतलाय तिचा जीव?" मला ठाऊक होतं. 'आई, मी ते विसरले,' एवढं मनातल्या मनात म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "मला काय म्हाईत, नातवंडांत आसंल." शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचा? राहील इथेच गादीखाली. एक मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. सगळे उन्हात ताटकळले होते, भाऊ रडत होता, आणि तू माझ्या एका शब्दासाठी थांबून होतीस. मला बरं वाटत होतं.