पहिली दोन मृत्युपत्रे रद्द करताना

मी, श्रीमती राजेश्वरी उदयसिंह शिंगटे, वय वर्षे ६४, धंदा शिवणकाम, राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. वकील तानाजीराव सूर्यवंशी यांनी मसुदा करून दिला होता, पण त्यात मी कुठे दिसेना. म्हणून कायद्याची वाक्ये त्यांची ठेवली आणि बाकीची माझी घातली. त्यांनी वाचून "चालेल" म्हटले आहे.

कलम १. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली, एक १९८६ साली आणि दुसरे २००५ साली. ती दोन्ही या लेखाने रद्द करीत आहे. दोन्ही वेळा मी मरणार अशी सर्वांची खात्री होती, माझीही होती. ती का लिहिली हे सांगणे भाग आहे, कारण आज ज्यांना काही मिळणार आहे त्यांची ओळख तिथूनच होते.

माझे माहेर फलटणजवळच्या वस्तीवरचे. वडील जोतीराम फौजेत हवालदार. मी दहा वर्षांची असताना घसा धरला, ताप आला, मग गुडघे सुजले. आईने निरगुडीचा पाला बांधला. सूज उतरली आणि सगळ्यांना वाटले, सुटलो. वडील सुट्टीवर आले तेव्हा घरापासून विहिरीपर्यंत जाताना मी वाटेत दोनदा खाली बसले, ते त्यांनी पाहिले. साताऱ्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, "ताप गेला, पण जाताना हृदयाची झडप खराब करून गेला." तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू झाले. ते कमरेत घेतले की पाय ओढत चालावे लागे. शाळेत खो-खो सुरू झाला की मला गुण लिहायला बसवीत. मरणाची भीती त्या वयात नव्हती. खेळायला घेत नाहीत, याचा मात्र फार राग होता.

लग्नाच्या वयात त्याच आजाराचा अर्थ बदलला. घरातल्या बायका म्हणत, "सांगू नगा. एकदा लगीन हुंदे, मग बघू." वडिलांनी ऐकले नाही. पाहुणे बसले की चहा यायच्या आधी ते सांगून टाकत, "पोरीच्या काळजाला आजार हाय. पटलं तर बसा." बरेच पाहुणे चहाला थांबले नाहीत. उदयसिंह शिंगटे तेव्हा रजेवर आलेले जवान होते. त्यांनी वडिलांना काही विचारले नाही, मला विचारले.

"तुमाला भ्या वाटतं का?"

"वाटतं," मी म्हटले.

"मग बरं झालं. मला बी वाटतं. पण आमच्यात तसं बोलायची सोय न्हाई."

वैशाखात आमचे लग्न झाले.

१९८६ साली मला दिवस गेले. बाळंतपण हृदयाला झेपणार नाही, असे मिरजेच्या डॉक्टरांनी आधीच बजावले होते. सातव्या महिन्यात मला आडवे होता येईना. श्वास घ्यायचा तर बसूनच घ्यावा लागे. दवाखान्यात ठेवले. यांची रजा संपलेली, सासूबाईंना गुरेढोरे सोडवेनात. सोबतीला आमच्या शेजारची चंद्राबाई आली. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, नवरा वारलेला, भावाच्या घरी राबून खाणारी. नात्यागोत्याची कोणी नाही. तिने मला धरून बसवले, पाठ चोळली, भरवले.

तिथे मी पहिले मृत्युपत्र लिहिले. द्यायला माझ्याकडे तेव्हा फारसे काही नव्हते, एक नवरा होता. मी लिहिले की, बाळ वाचल्यास व मी न वाचल्यास माझ्या पतीने चंद्राबाईशी लग्न करावे. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवले. ती मोसंबी सोलत होती. सोलायची थांबली नाही.

"मला इचारलंस का?" ती म्हणाली.

"तुझं भलंच होईल, चंद्रा."

"एका नवऱ्याचं करून झालंय माझं. दुसरा नगं. तुझा तू सांभाळ, जगून."

माझी मुलगी दीपमाला डॉक्टरांनी चिमटा लावून झाली. आम्ही दोघी वाचलो, हे पाहून मोठे डॉक्टरही खुर्चीत बसले. पुढच्या वर्षी पुण्याला माझी झडप शस्त्रक्रियेने मोकळी केली. आता पुन्हा मूल नको, असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा यांनी स्वतःची नसबंदी करून घेतली. सासूबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. हे मी मुद्दाम नोंदवीत आहे. त्यांच्या फौजेतल्या शौर्याच्या गोष्टी भावकी अजून सांगते, त्यात ही एक असावी.

सदर १९८६ चे कलम यापुढे अमलात आणता येणार नाही. वर वारले आहेत आणि वधू तेव्हाही तयार नव्हती.

कलम २. दुसरे मृत्युपत्र २००५ सालचे. मोकळी केलेली झडप पुन्हा आवळत गेली आणि धातूची बसवायची ठरली. दीपमाला कॉलेजात होती. मी सर्व काही पतीच्या नावे लिहून मिरजेला गेले. निघताना थोरल्या जाऊबाई सुलाबाई यांनी माझे सोन्याचे तोडे "जपून ठेवते" म्हणून घेतले.

दवाखान्यातून परत आले तेव्हा सुलाबाई माझे जांभळे इरकल नेसून दारात उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "अगं बया, आलीस व्हय?"

मी "आले" म्हटले. दुसरे काय म्हणणार? तोडे त्यांनी परत केले नाहीत. वीस वर्षे मी ते मागितले नाहीत आणि विसरलेही नाही.

त्यानंतर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची लागली. शिवताना कात्री बोटाला लागली तर रक्त लवकर थांबत नसे. म्हणून कापड बेतायचे आणि कापायचे काम चंद्राबाईने घेतले, मशीन मी चालवीत राहिले. तोवर तिच्या भावाच्या घरी सुना आल्या होत्या आणि तिला जागा उरली नव्हती. ती आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. आष्ट्यातल्या अर्ध्या बायकांचे ब्लाऊज आम्ही दोघींनी शिवले आहेत.

चार वर्षांपूर्वी हे गेले. कधी अंथरूण न धरलेला माणूस सकाळी चहा पिऊन पेपर उघडून बसला आणि तसाच गेला. माझ्यामागे त्यांचे कसे होईल, याचा विचार आम्ही दोघांनी जन्मभर केला होता. त्यांच्यामागे माझे कसे होईल, हे कोणाच्या मनातच आले नव्हते. मी म्हातारी होईन अशी तयारी कोणी केली नव्हती, मीसुद्धा नाही. पहिले काही महिने मला त्यांच्याशी भांडावेसे वाटे, की ही माझी पाळी होती.

सबब दुसरेही मृत्युपत्र रद्द.

कलम ३. आष्टा येथील घर माझ्या नावावर असून ते यांच्या निवृत्तीच्या पैशातून व माझ्या शिवणकामातून बांधले आहे. वडिलोपार्जित नाही. भावकीचा त्यात कोणताही हक्क नाही.

हे लिहावे लागते, कारण दोन वर्षांपूर्वी सुलाबाईंचा मुलगा शंभूराज येऊन बसला आणि म्हणाला, "काकी, दीपाताई साताऱ्यात. तुमच्यामागं घर त्या बाईच्या घशात जायचं. ती काय आपल्यातली हाय?" चंद्राबाई आत भाकरी थापत होती. तिने ऐकले. त्याच दिवशी तिने पत्र्याची पेटी काढून कपडे भरायला घेतले. "भाच्याकडं जाती," म्हणाली. भाच्याने तिला कधी बोलावले नव्हते.

मी दीपमालाला फोन लावला. ती साताऱ्यात बँकेत आहे. माझ्यामागे कायद्याने माझे जे आहे ते तिचेच, आणि तिलाही संसार आहे. ती नाही म्हणाली असती तर तिला दोष देता आला नसता. मी कसेबसे सांगितले.

ती म्हणाली, "तू दवाखान्यात असायचीस तेव्हा माझ्या वेण्या कोण घालायचं, आई? हे मला विचारावं लागलं तुला? मावशीला फोन दे."

तिकडून काय बोलणे झाले ते मला चंद्राबाईने आजवर सांगितलेले नाही. तिने फोन ठेवला, डोळे पुसले आणि पेटीतले कपडे पुन्हा फळीवर रचले. मला त्या दिवशी खोलवर श्वास आला. हृदयाच्या रोग्याला त्याची किंमत कळते.

तरी, माझ्या पश्चात सदर घर माझी मुलगी दीपमाला हिच्या मालकीचे होईल. श्रीमती चंद्राबाई यांना त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील, मागच्या खोलीत नव्हे, सबंध घरात. त्या हयात असेपर्यंत घर विकू, भाड्याने देऊ अगर गहाण ठेवू नये. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना भाकरी करून घालणे त्यांच्यावर बंधनकारक नाही.

कलम ४. शिलाई मशीन चंद्राबाईला. कात्री तिचीच आहे.

कलम ५. पोस्टातील माझी सर्व ठेव शंभूराजची मुलगी प्रांजल, वय वर्षे ११, हिच्यासाठी आहे. व्यवस्था दीपमालाने पाहावी. प्रांजलची इंजेक्शने व शिक्षण यांवरच ती खर्च व्हावी.

याचे कारण असे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर सुलाबाई काठी टेकत माझ्या दारी आल्या. कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. उंबऱ्यातच म्हणाल्या, "राजेश्वरी, आमच्या प्रांजलचं गुडघं सुजल्यात. ताप येऊन गेलाय. तुला झालं व्हतं तसंच न्हवं?" आम्ही रिक्षाने पोरीला घेऊन मिरजेला गेलो. तपासणी आत चालू असताना शंभूराज भिंतीकडे तोंड करून उभा होता. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, झडपेला किंचित धक्का आहे, पण वेळेत आणलेत. इंजेक्शने बरीच वर्षे न चुकवता घेतली तर झडप टिकेल. सुलाबाईंनी माझा हात धरला तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

आता प्रांजल इंजेक्शन घेऊन आली की माझ्याकडे थांबते, कारण कुठल्या कुशीवर निजायचे ते मला माहीत आहे. बरी झाल्यावर डॉक्टरांनी तिला खेळायची मोकळीक दिली. ती खो-खोत धावते, हे ऐकून मी चंद्राबाईला दोनदा सांगितले.

मध्यंतरी तिने विचारले, "आजी, मी तुमच्याएवढी म्हातारी हुईन का?"

त्याच आठवड्यात मी माझ्या तपासणीला जाऊन आले होते. झडप उत्तम चालली आहे, आणखी शस्त्रक्रियेची गरज नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. "गुडघे झिजलेत, पण ते वयामुळं. तुमच्या वयाला सगळ्यांचेच झिजतात." मला इतका आनंद झाला की त्यांना वाटले, मला नीट ऐकू आले नाही. जन्मात पहिल्यांदा मला चारचौघींसारखा आजार झाला होता.

मी प्रांजलला म्हटले, "व्हशील की. आणि जिना चढताना कुरकुर करशील."

हे कलम लिहिताना शंभूराजचे बोलणे आठवून माझा हात थांबला होता, हे खरे. पण आजार काही भावकी बघून येत नाही, आणि पोरीने तर मला काही म्हटले नव्हते.

सुलाबाईंकडे असलेले तोडे त्यांनी प्रांजलला द्यावेत. ते आजीने दिले, एवढेच तिला सांगावे. कोणत्या आजीने, ते सांगायची गरज नाही. जांभळे इरकल सुलाबाईंना शोभत होते, ते त्यांचेच.

कलम ६. शेवटी मला नळ्या लावून, यंत्रावर ठेवून लांबवू नये. मी पुष्कळ लांबले आहे आणि समाधानी आहे. माझ्या साड्या तेराव्यानंतर वाटाव्यात, आधी नको. मला परत यायची सवय आहे. अस्थी सावडताना धातूचे एक कडे सापडेल. ती झडप आहे, दागिना नव्हे. त्यावरून वाद नको.

कलम ७. या मृत्युपत्रावर चंद्राबाईला साक्षीदार म्हणून सही करायची होती. त्यासाठी ती सकाळपासून नवे लुगडे नेसून बसली. तानाजीरावांनी सांगितले, "आजी, तुम्हाला यात लाभ आहे, तुमची साक्ष चालणार नाही."

ती म्हणाली, "मग लाभ नगं. घर ऱ्हाऊ द्या. सही करू द्या."

वकील हसले. ती हसली नाही. मी रागावले, दीपमालाने फोनवरून समजावले. शेवटी तानाजीरावच म्हणाले, "आजी, पंख्यानं कागद उडतोय. सगळ्यांच्या सह्या होईस्तोवर तुम्ही धरून बसता का?"

तशी ती आता दोन्ही तळवे टेकवून कागद धरून बसली आहे. पंखा मघाशीच बंद केला आहे. तिने हात उचललेला नाही, आणि मी त्या दोन हातांच्या मधल्या जागेत सही करीत आहे.

ठिकाण: आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) राजेश्वरी उदयसिंह शिंगटे

राजेश्वरीबाईंनी हा लेख वाचून, समजून आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. ऋषिराज थोरात, आष्टा
२. (सही) विश्वजित कोळेकर, शेजारी, आष्टा