क्वार्टर नंबर तीनची काजळी

बावीस मार्च रोजी, न्यूमोनियासाठी अकरा दिवस दवाखान्यात राहून मी घरी आले, तेव्हा वरच्या खोलीत फळीवर मी बांधलेले छोटे रेल्वे स्टेशन धुऊन पांढरे करून ठेवलेले आढळले. माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे काय होईल हे मला त्या दिवशी जिवंतपणीच दिसले. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, रत्नमाला कडुबा साळवे, वय सत्तर, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, हे स्वतःच्या हस्ताक्षरात, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी खात्रीसाठी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. दोनवर आल्यावर त्यांनीच थांबा म्हटले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. एक मसुदा केला होता, तो फाडला. त्याचे कारण कलम ५ मध्ये येईल.

१. मी लग्न केले नाही. जवळचा वारस एकच, धाकटा भाऊ राजकुमार, निवृत्त बँक अधिकारी. तो व त्याची पत्नी निशा खालच्या मजल्यावर राहतात. पुंडलिकनगरचे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते दोघांना समान हिश्शाने द्यावे. कागदावर निशाचे नाव आधी लिहावे. दवाखान्यात अकरा दिवस डबा तिने आणला.

२. बँकेतील ठेवींची यादी लोखंडी कपाटात आहे. ती सर्व रक्कम नागसेनवनातील ज्या वसतिगृहात राहून मी शिकले, तेथील मुलींच्या पुस्तकांसाठी द्यावी. माझ्या नावाची पाटी लावू नये.

३. ज्या शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले, त्या शाळेला माझे स्टेशन प्रदर्शनासाठी पुन्हा कधीही देऊ नये. एकदा दिले होते. त्यांनी समोर 'खेड्यातील रम्य स्थानक' अशी चिठ्ठी लावली. मी ती काढून 'चिंचखेडा हॉल्ट. येथे गँगमनची तीन क्वार्टर्स व एक नळ होता' अशी लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रम्य. हे मी विसरलेले नाही.

४. रंगाचे सर्व स्प्रे डबे, मुखपट्ट्या, ब्रश आणि जाड्या मिठाची बरणी मुकुंदवाडीचे काकासाहेब यांना द्यावी. त्यांचे गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आहे आणि या कामात ते माझे गुरू आहेत. निवृत्तीनंतर मी स्टेशन बांधायला घेतले, तेव्हा पहिल्याच दिवशी रुळांखालच्या थर्माकोलच्या भरावावर स्प्रे मारला आणि भराव डोळ्यांदेखत विरघळला. डबा घेऊन मी त्यांच्या गॅरेजात गेले. ते म्हणाले, "मॅडम, गाडीचा गंज काढायला लोक मला पैशे देत्यात. तुम्ही लावायला शिकायला आलात. लई झालं!"

पण शिकवले. थर्माकोलवर आधी वर्तमानपत्र आणि फेव्हिकॉलचे तीन थर, मगच रंग. डबा एक वीत लांब धरायचा. फवारा भिंतीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा. पत्र्याला पाणी लावून मीठ चिकटवायचे, वर रंग मारायचा, वाळल्यावर मीठ झाडायचे. खालचा गंज पोपडे निघाल्यासारखा दिसतो. चकचकीत रंग वापरायचा नाही. जुन्या वस्तूला चमक नसते. ही विद्या मी वहीत उतरवली आहे. वहीसुद्धा त्यांनाच द्यावी. त्यांना वाचायचा कंटाळा आहे हे मला माहीत आहे. तरी द्यावी.

५. आता स्टेशन. हे कलम घाई न करता वाचावे.

आमचे वडील कडुबा मीटर गेजच्या काळात चिंचखेडा हॉल्टवर गँगमन होते. आम्ही क्वार्टर नंबर तीनमध्ये राहत असू. दाराच्या समोर रूळ, रुळावर कोळशाचे इंजिन, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर काजळी. रुंद मार्ग झाला तेव्हा हॉल्ट बंद पडला आणि क्वार्टर्स पाडली. माझ्या वडिलांनी तीस वर्षे जी जागा ठोकून-आवळून सरळ ठेवली, तिचा एक फोटोसुद्धा उरला नाही. म्हणून मी ती सहा फूट लांब फळीवर आठवणीने बांधली. सत्त्याऐंशी फुटांना एक फूट असे प्रमाण आहे. नळाखालची ओल, पत्र्याचा गंज, पाण्याच्या टाकीचा ओघळ, सगळे जागच्या जागी आहे. क्वार्टर नंबर तीनच्या दर्शनी भिंतीवर मी जमिनीपासून छपरापर्यंत मॅट काळ्या रंगाची काजळी फवारली. तीन महिने लागले. माझे सर्वांत चांगले काम तेच, असे मी समजत होते.

मी दवाखान्यात असताना राजकुमारने ती भिंत आणि तिच्यापुढचा भराव ओल्या फडक्याने घासला. चौदा एप्रिलला पाहुणे येणार, तोवर ताईला आनंदाचा धक्का द्यावा, असा त्याचा हेतू होता. काजळीबरोबर भरावावरचे कागदाचे थरही निघाले. मग बाजारातून चकचकीत पांढरा आणि आकाशी रंग आणून त्याने सगळीकडे मारला. उघड्या पडलेल्या थर्माकोलला रंगाने खाल्ले आणि भरावाला मूठ जाईल एवढे खड्डे पडले. निशा मला सांगत होती, "ताई, यांनी उभ्या जन्मात स्वतःचा कप विसळला नाही, अन् तुमचं स्टेशन तेवढं घासून काढलं." मी हसले नाही.

तीस मार्चला मी पहिला मसुदा लिहिला. त्यात स्टेशन काकासाहेबांना दिले होते आणि 'राजकुमार याने त्यास हात लावू नये' असे वाक्य होते. कोणाच्या पाठीमागे लिहायची मला सवय नाही, म्हणून राजकुमारला वर बोलावून ते वाचून दाखवले. निशाही आली.

त्याने मसुदा माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला. मग म्हणाला, "स्टेशन नको देऊ. पण ताई, ती भिंत काळी नव्हती."

मी म्हटले, "राजू, मी त्या घरात वाढले आहे."

"तू सोळाव्या वर्षी होस्टेलला गेलीस. मी त्यानंतर सात वर्षं तिथंच होतो."

"मग?"

"तू गेलीस त्याच वर्षीची गोष्ट. सकाळी शाळेला जायच्या आधी मी भिंतीला टेकून भाकरी खायचो. पाठ काळी व्हायची. एक दिवस गुरुजींनी मला वर्गापुढं उभं केलं. म्हणाले, हा बघा आपला दुसरा फळा, लिहा रे याच्यावर. पोरांनी खडूनं लिहिलं. बेरजा लिहिल्या माझ्या पाठीवर, ताई. तसाच घरी आलो."

निशाने हे चाळीस वर्षांच्या संसारात ऐकले नव्हते. तिच्या चेहऱ्यावर ते दिसले.

"आईनं सदरा धुतला," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी ओढ्यावरनं पांढरी माती आणली आणि भिंत पोतारली. तेव्हापासून दर रविवारी. पांढरी माती पाठीला लागली तरी पांढऱ्या सदऱ्यावर दिसत नाही ना. मी घासलं ते घाण म्हणून नाही घासलं. आईची भिंत तू काळी केली होतीस."

आमची आई भागूबाई. शाळेचे तोंड न पाहिलेली, ठेंगणी बाई.

मी वकिलासारखे विचारले, "छपरापर्यंत पांढरी होती?"

"नाय. तिचा हात पोचंल तिथपर्यंत. वर काळीच."

मी दर सुट्टीत त्या घरी जात होते. भिंत मला दिसलीच असणार. मी ती पाहिली नाही. माझ्या तोंडासमोर पुस्तक असे. ज्या गोष्टीचा मला इतका अभिमान, त्यात मी चुकले होते, आणि जे मी बिघाड समजले, ते निम्मे खरे होते. हे इथे लिहिते, कारण चूक जितक्या जाहीरपणे केली तितक्याच जाहीरपणे दुरुस्त करावी असे मी मुलींना शिकवत आले.

अकरा मेच्या सकाळी गच्चीवर आम्ही भराव बुजवला आणि ती भिंत पुन्हा केली. काकासाहेब आले होते. आईचा हात पोचायचा ती उंची प्रमाणात काढून मी दोन सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावू लागले तर त्यांनी हात धरला. "मॅडम, पट्टीनं रेघ सरळ येईल. बाईच्या हातची रेघ सरळ नसती. कागद फाडून घ्या, कातरीनं कापू नका, अन् भिंतीपासून जरा लांब धरा." खाली मॅट पांढरा मी मारला. फाडलेला कागद मी धरला. वरची काजळी राजकुमारने फवारली, एक वीत अंतरावरून. पहिला फवारा त्याने बाहेर सुरू न करता थेट भिंतीवरच सुरू केला आणि डाग पडला. तो डाग मी राहू दिला आहे.

सबब, चिंचखेडा हॉल्ट मी राजकुमारला देते. मृत्यूची वाट न पाहता आजच हाताने देत आहे, म्हणून त्याची गणना माझ्या मागे राहणाऱ्या मालमत्तेत करू नये. अट एकच. ते धुऊ नये, चकचकीत करू नये, आणि कोणी विचारले की भिंत अशी अर्धी का, तर कारण पूर्ण सांगावे. गुरुजींसह. ते सांगायला त्याला जड जाईल. तरी सांगावे.

६. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. पुण्यानुमोदनाला भाषणे नकोत. बोलायचेच झाले तर निशाने बोलावे. ती थोडक्यात बोलते.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निशाने करावी. कोणी हरकत घेतल्यास त्याला कलम ५ वाचायला द्यावे.

वरील सर्व मी दोनदा वाचले, साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

(सही) रत्नमाला कडुबा साळवे

साक्षीदार:
१. (सही) सुरेखा शिवराज मोकळे, शेजारी, पुंडलिकनगर
२. (सही) शिवराज काशिनाथ मोकळे, शेजारी, पुंडलिकनगर

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १८ मे २०२५, रविवार

ताबा-नोंद

आज रोजी रत्नमाला साळवे यांनी राजकुमार साळवे यांच्या ताब्यात दिलेल्या वस्तू:

चिंचखेडा हॉल्टची मांडणी, फळीसह. भराव दुरुस्त, डाव्या टोकाचा एक खड्डा काल पुन्हा भरला तो अजून ओला, दोन दिवस हात लावू नये.

इंजिन एक, डबे तीन. इंजिन चालते.

पाण्याची टाकी, नळ, सिग्नल. सिग्नलचा हात सैल आहे.

क्वार्टर्स तीन. पैकी क्रमांक तीनची दर्शनी भिंत खाली पांढरी, वर काळी.

देणार: रत्नमाला साळवे

वस्तू मिळाल्या. भिंत पाहिली. आईचा हात एवढाच वर पोचायचा.

घेणार: राजकुमार साळवे